जर्मनचा कलश

आमच्या घरात जर्मनची दोन भांडी आहेत. एक माझं दूध तापवायचं पातेलं आणि दुसरं यांच्या गाडीचा रेडिएटर.

(अल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी चौथीत शाळा सोडली, तोवर गुरुजी त्या धड्यापर्यंत पोचले नव्हते.)

पातेल्यानं आजवर कोणाला त्रास दिला नाही. रेडिएटरनं मात्र माझ्या पुतण्याच्या नवरीला बिनहळदीची ठेवायचा घाट घातला होता. खरं तर रेडिएटरचा त्यात काही दोष नव्हता, पण ते पुढं येईलच.

पुतण्याचं लग्न ठरलं ते फर्दापूरच्या मुलीशी. एवढ्या लांब जायचं, वर उन्हाळा, म्हणून यांनी गाडीचा जुना गळका रेडिएटर काढून नवा बसवला. मेकॅनिकनं यांना बजावून सांगितलं, "हा अल्युमिनियमचा आहे. नळाचं पाणी नको, बोअरचं नको. कूलंट घाला, पण अल्युमिनियमला चालणारं. एकात दुसरं मिसळू नका. आणि वरून पावडरी-बिवडरी काही टाकू नका." हे चितेगावला कंपनीत मशीनवर आहेत. त्यामुळं मशीनबद्दल कोणी काही सांगितलं की यांना ते घरच्या माणसाबद्दल सांगितल्यासारखं वाटतं. लगेच मान डोलावून आले.

त्या दिवशी आम्ही गुलमंडीवर लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो. मी एक साडी दुकानाबाहेर उजेडात नेऊन रंग बघितला, तर हे तिथंच म्हणाले, "बायकांना रंगाशिवाय काही दिसत नाही." मी साडीची घडी घातली. परत येताना यांनी गाडी स्पेअर पार्टच्या दुकानापुढं थांबवली. "दोन मिनिटांत कूलंट घेऊन येतो," म्हणाले.

मी साड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन गाडीतून बघत होते. काउंटरवर एक हिरवी बाटली आली. मग लाल आली. मग निळी आली.

"अंकल, हरा लो, सब लेके जाते," दुकानदार म्हणाला.

"आणि लाल?"

"लाल भी अच्छा है."

"निळं?"

"वो भी अच्छा है."

"अरे, मग वाईट कोणतं?"

"खराब माल मैं रखताच नहीं, अंकल!"

हे तिन्ही बाटल्या घेऊन दुकानाबाहेर आले आणि उजेडात धरून रंग बघायला लागले! मी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात दुकानदारानं एक पुडी पुढं केली. "ये भी डालो. गलना बंद."

"नवा रेडिएटर आहे. गळेल कशाला?"

"गलता नहीं ना? ये डालो, तो गलेगाच नहीं!"

यांनी पुडी तेवढी नाकारली, पण तिन्ही बाटल्या घेऊन आले, शिवाय शुद्ध पाण्याचा एक पांढरा कॅन. "यातली कोणती घालायची?" मी विचारलं. "घरी बघू," हे म्हणाले. साडीच्या वेळी मी असं म्हटलं असतं तर!

घरी भासरे येऊन बसले होते.

भासरे म्हणजे थोरले दीर, नवरदेवाचे वडील. पैठण रस्त्याच्या आत आमचं गाव आहे, तिथली शेती तेच बघतात. भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आताच्या सुना भासऱ्यांना मोबाईलवर सुप्रभात पाठवतात, पण मी जुन्यांतली. शिवाय चारचौघांत माझी जीभ अशीही टाळूला चिकटते, त्यामुळं ही रीत मला लई सोयीची होती. काही सांगायचंच झालं तर मी भिंतीला सांगते. भिंतीकडून ते भासऱ्यांना कळतं. त्यांना काही सांगायचं असलं तर ते खांबाला सांगतात. इतकी वर्षं आमचं छान चाललंय.

भासऱ्यांनी बाटल्या बघितल्या. "ह्ये काय? सरबताचं दुकान टाकलं का?"

"दादा, कूलंट आहे. रेडिएटरला."

"पैसे उडवायची हौस! मी विहिरीचं पाणी आणलंय कॅनभर. आपला ट्रॅक्टर त्येच पाणी पिऊन म्हातारा झाला, कधी शिंकला नाय."

"त्याचा रेडिएटर जुना, तांब्या-पितळेचा. हा अल्युमिनियमचा आहे."

"मग? जर्मनचा मान तांब्याहून मोठा झाला व्हय?"

आता जर्मनचं मला कळतं. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवलं की पातेल्याला बारीक भोकं पडतात. बोअरचं पाणी रोज तापवलं की बुडाला पांढरी खपली धरते. म्हणून मी स्वयंपाकघरातून भिंतीला सांगितलं, "जर्मनला वाटेल ते पाणी सोसत नाही म्हणावं."

"भिंत काय म्हणती?" भासऱ्यांनी विचारलं.

"भिंत माझ्या बाजूची आहे," हे म्हणाले.

मग यांनी चष्मा लावून तिन्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. अल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं फक्त लालवर होतं. "रंगाला काही अर्थ नसतो, वाचावं लागतं," हे मला म्हणाले. (उजेडात धरून कोण बघत होतं ते मी काढलं नाही.) लाल कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं करून रेडिएटरमध्ये गेलं. उरलेल्या बाटल्या मी माळ्यावर टाकल्या, कारण हे विष आहे असं हे म्हणाले, आणि लग्नघरात कोणी हिरवी बाटली वाळ्याचं सरबत म्हणून पाहुण्यांपुढं ठेवली असती. पांढरा कॅन तेवढा खाली ठेवला. "हे पाणी एकदम शुद्ध, याच्यात कसलाच क्षार नाही," असं यांनी सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

हळदीचा दिवस आला. नवरदेवाला हळद लागली की त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद नवरीकडं न्यायची. ती लागल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. दिवस मावळायच्या आत फर्दापूरला पोचायचं होतं. बाकीचं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी टेम्पोनं येणार होतं. गाडीत आम्ही तिघंच जाणार होतो. हे चालवणार, भासरे मांडवाचं बघायला, आणि हळद न्यायला सवाष्ण म्हणून मी. जाऊबाईंनी माझ्या हातात हळदीची वाटी दिली आणि सांगितलं, "कुठंच टेकवायची नाय हां. नवरीच्या हातातच द्यायची. माझं एकुलतं एक पोरगं हाय. हळदीला काय झालं तर लोक जन्मभर बोलतील, तुला ठाऊकच हाय."

मला ठाऊक होतं. लोक कोणाला बोलतील तेही ठाऊक होतं.

त्याआधी सकाळी मी गाडीची पूजा केली. चाकांना हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. यांनी पाणी तपासायला बॉनेट उघडलं होतं, रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून हे आत गेले होते. मी सहज वाकून बघितलं. गोल तोंड, आत लाल पाणी काठोकाठ भरलेलं. आता तुम्हीच सांगा. पाण्यानं भरलेलं गोल तोंडाचं भांडं शुभकार्याला निघालंय आणि त्याला पान नाही? मी दाराच्या तोरणातलं आंब्याचं एक कोवळं पान काढलं, त्या तोंडावर ठेवलं, कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले. सुपारी टाकायचंही मनात आलं होतं. पण सुपारी आत गेली तर परत कशी काढायची, एवढी अक्कल देवानं मला त्या क्षणी दिली. (बाकीची पुढच्या जन्मासाठी राखून ठेवली असावी.)

तेवढ्यात खोकला ऐकू आला. भासरे कुठंही यायच्या आधी खोकतात, म्हणजे आम्हा बायकांना पदर सावरायला वेळ मिळतो. मी एका हातानं पदर ओढला, दुसऱ्या हातानं पान काढलं (असं मला वाटलं), झाकण बसवून फिरवलं आणि पळाले. हे बाहेर आले, झाकण जागेवर दिसलं, बॉनेट खाली घेतलं.

आम्ही निघालो. हळद माझ्या दोन्ही हातांत. फुलंब्रीपर्यंत सगळं कसं झकास! वाटेत प्यायला म्हणून मी तो शुद्ध पाण्याचा कॅन घेतला होता. लग्नाचा प्रवास, भासऱ्यांसारखा मानाचा माणूस, त्यांना साधं पाणी कसं द्यायचं? सिल्लोडच्या आसपास भासऱ्यांनी कॅन तोंडाला लावला.

"ह्ये कुठलं पाणी रं? चवच नाय याला."

"शहरातलं पाणी असंच असतं, दादा," रस्त्यावरची नजर न काढता हे म्हणाले.

"म्हणून शहरातली माणसं अशी फिकी दिसत्यात," भासरे म्हणाले आणि आणखी प्याले. ऊनच तसं होतं.

सिल्लोड मागं पडलं आणि यांची बोटं स्टिअरिंगवर वाजायला लागली. "काटा वर चाललाय," हे म्हणाले. "कशाचा काटा?" असं मी विचारायच्या आत बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

"ऊद लावलाय का आत?" भासऱ्यांनी विचारलं.

यांनी गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली. तिथं एक धनगरीण मेंढरं बसवून उभी होती. आमची वाफ बघून मेंढरं उठली, ती वैतागली. हे बॉनेट उघडून बघतात तर रेडिएटरच्या तोंडावरून लाल पाणी ओघळून खाली ठिबकत होतं. मळवट भरल्यासारखं.

"गळाला!" भासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडासा आनंदही होता. "म्या सांगितलं होतं, जर्मन ती जर्मन. आता एकच इलाज. हळद!"

"हळद?"

"लाईनवरचे सगळे ट्रकवाले टाकत्यात. रेडिएटर गळाला की हळद. भोक बुजतं. म्या सवता बघितलंय."

"दादा, मेकॅनिकनं सांगितलंय, याच्यात काहीही टाकायचं नाही. बारीक नळ्या आहेत, तुंबतील. आणि झाकण तरी आत्ता कुठं उघडता येतंय? तोंडावर उकळतं पाणी येईल. गार होऊ द्या."

"गार व्हईस्तोवर सूर्य बुडंल! अन् हळद हुडकायला तर कुठं जायचं नाय. हाय की जवळच!"

दोघांनी एकदम मागं वळून गाडीत माझ्याकडं बघितलं. म्हणजे यांनी माझ्याकडं आणि भासऱ्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडं.

नवरीची हळद! जाऊबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी खिडकीच्या काचेला म्हणाले, "नवरीची हळद आहे म्हणावं."

"सगळी कोण मागतंय? चिमूटभर दे म्हणावं," भासऱ्यांनी लिंबाच्या झाडाला सांगितलं.

"त्यात तेल कालवलंय म्हणावं."

"मग तर लई चांगलं, लगेच चिकटंल म्हणावं."

"अगं, दादा म्हणतात..." हे सुरू झाले.

धनगरीण आळीपाळीनं आम्हां तिघांकडं बघत होती. "अवो, तिघं एका झाडाखाली, अन् मधी टपाल कशापायी?" मग तिला आमची दया आली असावी. तिनं आपली पाण्याची घागर पुढं केली. "घ्या, वता गाडीत. बोअरचं हाय, गार हाय."

"नको, नको!" हे दचकून मागं सरले. "चालत नाही हे पाणी."

तिनं घागरीकडं बघितलं, मग मेंढरांकडं, मग गाडीकडं. "माझी मेंढरं पित्यात, म्या पिते, अन् तुमचं हे लोखंडाचं ढोर पित नाय व्हय? लई लाडाचं हाय, माय!"

इतक्यात यांचा फोन वाजला. फर्दापूरहून विहीणबाई. आवाज सगळ्या माळावर ऐकू येत होता. "अवो, कुठवर आलात? पोरगी पाटावर बसून हाय! बायांचं जातं गाऊन झालं, उखळ गाऊन झालं, आता काय गावं?"

"आलोच," हे म्हणाले. एका जागी उभ्या गाडीजवळून 'आलोच' म्हणताना माणूस किती केविलवाणा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

फोन ठेवल्यावर भासऱ्यांना आणखी जोर चढला. ते खोकले आणि गाडीच्या दाराकडं आले. म्हणजे आता चिमूट घेणारच! माझे दोन्ही हात वाटीला गुंतलेले, वाटी टेकवायची नाही, पदर खांद्यावर आलेला. मी कोपरानं दुसरं दार उघडून बाहेर पडले आणि बॉनेटच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. आणि तिथं मला ते दिसलं.

रेडिएटरच्या झाकणाखालून हिरवं, कोवळं, अणकुचीदार टोक बाहेर आलेलं. माझ्या आंब्याच्या पानाचं! निम्मं पान तुटून माझ्या हाती आलं होतं, टोकाकडचं निम्मं तिथंच राहिलं होतं, आणि झाकण त्याच्यावरच बसलं होतं. तिथूनच सगळं पाणी उतू जात होतं. रेडिएटर बिचारा धडधाकट होता. दोष माझ्या पानाचा होता.

सांगावं तर कसं? हे भासऱ्यांना अडवत होते, भासरे वाटी शोधत होते, आणि जवळपास भिंत नव्हती. धनगरीण तेवढी शेजारी उभी होती. मी तिच्या कानाला लागले. "मावशी, यांना हळूच सांगाल का? झाकणाखाली पान अडकलंय."

मेंढरं हाकणाऱ्या बाईला हळू म्हणजे काय ते ठाऊक नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"अवो दाजीऽऽ! तुमची बाई म्हणती, झाकणाखाली पान अडाकलंय!"

मेंढरं पुन्हा उठली.

"पान? कसलं पान?" हे धावत आले.

"कसलं पान, माय?" तिनं मला विचारलं.

"आंब्याचं," मी पुटपुटले.

"आंब्याचंऽऽ!"

"आंब्याचं पान इथं कुठून आलं?"

"कुठून आलं गं?"

माझा आवाज मलाच ऐकू येईना. "कलश समजून... पूजेला..."

"बाई म्हणती, तिनंच घातलं! कलश हाय म्हणं ह्यो!" माळावर जिथवर मेंढरं चरत होती तिथवर ही बातमी पोचली.

हे माझ्याकडं बघत राहिले. भासरे खोकले, पण हा खोकला वेगळा होता. तो थांबेचना. मग माझ्या लक्षात आलं की भासरे हसतायत.

"जर्मनचा कलश!" ते लिंबाला म्हणाले. "अन् म्या त्याच्यात हळद टाकत होतो! एक नारळ राहिला होता फक्त!"

गाडी गार झाल्यावर यांनी ओल्या फडक्यानं झाकण हळूच उघडलं आणि पानाचा तुकडा काढला. पाणी बरंच खाली गेलं होतं. "आता शुद्ध पाणी पाहिजे," हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि तो कॅन घरी राहिला!"

माझी मान आणखी खाली गेली. मी धनगरणीच्या कानाला लागले.

"बाई म्हणती, क्यान गाडीतच हाय! म्हाताऱ्याच्या काखेत हाय म्हणं!"

यांनी वळून बघितलं. हसून हसून घसा कोरडा पडल्यानं भासऱ्यांनी कॅन पुन्हा तोंडाला लावला होता.

"दादा, थांबा! ते गाडीचं पाणी आहे!"

भासऱ्यांच्या मिशीतून पाणी ओघळलं. "गाडीचं? आरं, म्या सिल्लोडपासनं पितोय! आता माझं काय व्हईल?"

"काही होत नाही, दादा. नुसतं शुद्ध पाणी आहे. कूलंट नव्हे."

"म्हणूनच म्हणलं, चव नाय," भासरे पोटावरून हात फिरवत म्हणाले. "पण आतनं लई गार वाटतंय बाबा. काटा खाली आल्यावाणी."

उरलेलं पाणी रेडिएटरला पुरलं. झाकण यांनी घट्ट बसवलं, मी लांबूनच बघितलं. गाडी चालू झाली, काटा मध्यावर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. मला रडू येईल असं वाटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. अजिंठ्याचा घाट आम्ही सावकाश उतरलो. फर्दापूरच्या मांडवात पोचलो तेव्हा ऊन अजून मांडवाच्या खांबावर होतं. विहीणबाईंनी तक्रार करायला तोंड उघडलं, पण माझ्या हातातली भरलेली वाटी बघून ते मिटलं. पाटावरच्या पोरीनं ओंजळ पुढं केली. मी वाटी तिच्या हातात दिली आणि माझी बोटं काही केल्या सरळ होईनात. तिनंच हसून ती एकेक करून सोडवली. तिच्या गालाला हळद लागली, आणि बायांनी पुन्हा जात्यापासून गाणी धरली.

तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकाला हशा पिकला. भासरे पाहुण्यांना गोष्ट सांगत होते. तोरणाचं पान, कलश, धनगरीण, सगळं अगदी रंगवून. नवरीच्या अंगावरची हळद वाळायच्या आत सगळ्या फर्दापूरला माझी पूजा कळली. विहिरीचं पाणी, चिमूटभर हळद आणि सिल्लोडपासून कोण काय पीत होतं, एवढं मात्र त्यांनी वगळलं.

मला काय झालं कोण जाणे. मी पदर पुढं ओढला, मांडवाच्या खांबाजवळ गेले आणि खांबाला जरा मोठ्यानंच म्हणाले, "अन् गाडीचं पाणी कोण प्यालं, तेही सांगा म्हणावं!"

आधी विहीणबाई हसल्या, मग सगळा मांडव. सगळ्यांत जास्त भासरे.

आता दसऱ्याला गाडीची पूजा हे स्वतः करतात. बॉनेटला कुलूप असतं आणि तोरणाची पानं आधी मोजली जातात. माझ्या वाट्याला फक्त स्टेपनी येते. मी तिला मनापासून हळदीकुंकू लावते. तिला तोंड नाही, झाकण नाही, ती एका कोपऱ्यात गुपचूप पडून असते, आणि सगळ्यांचा खोळंबा झाल्याशिवाय तिला कोणी विचारत नाही. आमचं दोघींचं चांगलं जमतं.